माळ्यावरचं उदमांजर

आत्या,

दोन-अडीच महिन्यांपूर्वी वरवंडला लेकाच्या घरी होते. दिवेलागणीची वेळ होती, मी मागच्या पडवीत दोरीवरचे कपडे काढत होते. आतून सूनबाईनं हाक मारली, "मम्मी, कुकर तुम्ही लावलाय का?" मी आत गेले. गॅस बंद होता, ओटा पुसलेला, भांडी पालथी घातलेली. आणि घरभर भाताचा वास, शिजत आलेल्या आंबेमोहोराचा असतो तसा. ती पोर नाक वर करून हसत होती, शेजाऱ्यांचा असेल म्हणाली. मी मात्र हातातले कपडे तसेच धरून जिन्यापाशी उभी राहिले. हा वास मला तीस वर्षांनी आला होता आणि कशाचा आहे ते मला लगेच कळलं होतं.

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. अंगणवाडीची रजिस्टरं भरण्यापलीकडे मी आयुष्यात फारसं काही लिहिलं नाही आणि सासूला पत्र लिहायची वेळ तर कधी आलीच नाही, कारण मी निमोण्याला आल्यापासून तुम्ही जाईपर्यंत आपण एकाच चुलीपुढे होतो. पण वरवंडहून आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. म्हणून आज वही घेऊन बसले आहे.

मी तुमच्या घरात दुसरी म्हणून आले, हे मला लग्नाआधीच सांगितलेलं होतं. पहिली काविळीनं गेली होती, मूलबाळ नव्हतं. राहू गावात माझ्या माहेरी सगळ्यांना स्थळ चांगलं वाटलं आणि मलाही वाटलं. पण मेलेली बाई घरात किती जागा अडवून बसते ते आधी कुणी सांगत नाही. ती मावळातली. तिकडे दोन्ही वेळेला भात. आपल्याकडे आल्यावर तिला बाजरीची भाकरी गिळायला सहा महिने लागले, असं तुम्हीच कुणाला तरी सांगत होतात आणि सांगताना हसत होतात. ती गेल्यावर तिच्या साड्या, तिची वाकळ, तिची फणी असं सगळं एका गाठोड्यात बांधून तुम्ही माळ्यावर ठेवलं होतं. मी शिडीवरून बी-बियाण्याचे डबे काढायला चढायचे तेव्हा ते कोपऱ्यात दिसायचं. मी त्याला कधी हात लावला नाही, पण ते तिथं आहे हे मी एक दिवसही विसरले नाही.

मला पाचवा महिना लागला होता तेव्हा माळ्यावर आवाज सुरू झाले. कुणीतरी जड पावलांनी या टोकाकडून त्या टोकाला जावं, मध्येच धप्पकन खाली बसावं, तसे. आणि संध्याकाळी भाताचा वास. आपल्या घरात भात सणावाराला व्हायचा, त्यामुळे वास लपण्यासारखा नव्हता. पलीकडच्या घरातल्या चुलतसासूबाईंना तो पहिल्यांदा आला. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मला कळलंय कोण हाय ती. भातासाठी तळमळत गेली बाई. आन् आता हिच्या पोटात पोर हाय म्हणल्यावर ती गप बसंल व्हय?" दोन दिवसांत आळीभर झालं. बायका माझ्याकडे बघून आवाज खाली करायच्या. हे सुद्धा घाबरले. एका देवऋषाला बोलवायचं, त्यानं मला समोर बसवून काय ते विचारायचं, असं ठरत आलं होतं. अशा बायकांना समोर बसवून काय करतात ते मी माहेरी एकदा पाहिलेलं होतं. केस धरून घुमवतात, तोंडावर धूर धरतात. मी रात्रंदिवस पोटावर हात ठेवून बसायला लागले.

तुम्ही कुणाशी वाद घातला नाहीत. भर दुपारी बॅटरी घेऊन शिडी चढलात आणि भिंत आणि पत्र्याच्या मधे जिथं भगदाड पडलं होतं, त्याच्यापुढे चाळणीनं चुलीतली राख पसरून आलात. दुसऱ्या दिवशी मला शिडीच्या चौथ्या पायरीपर्यंत चढवलंत. राखेत पावलं उठली होती, मांजराच्या पावलाहून मोठी. तुम्ही बोटानं मोजून दाखवलंत, "मांजराची चार बोटं उठत्यात. ही बघ, पाच." मग खाली येऊन परसाच्या भिंतीवरून एका पानावर वाळलेली विष्ठा घेऊन आलात आणि ह्यांच्यासमोर, चुलतसासूबाईंच्या समोर, काडीनं फोडलीत. आत नुसत्या बोराच्या बिया.

"मेलेली बाई बोराच्या बिया हागत न्हाई," तुम्ही म्हणालात. "हे उदमांजर हाय. वास त्याचाच हाय. माझा बाप पेरूच्या बागंत राखणीला होता, लहानपणापास्नं बघतीया मी. फळं खातंय, उंदरं खातंय, दिसभर झोपतंय. कुणाच्या वाटंला जात न्हाई." आणि मग चुलतसासूबाईंकडे वळून, आवाज जराही न चढवता, "ती भातासाठी जीव टाकायची, खरं हाय. पर मेल्यावर तिला कशाला बदनाम करताय?"

देवऋषी आला नाही. त्या दिवशी तुम्ही माझी सुटका केलीत. आणि मी काय ऐकलं, तर तुम्ही तिची बाजू घेतलीत एवढंच.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. फाल्गुन सरत आला होता. एका सकाळी तुम्ही मला हळूच बोलावलंत, शिडीवर चढायला हात दिलात आणि बॅटरीचा उजेड कोपऱ्यावर टाकलात. तिच्या गाठोड्याची गाठ सैल झाली होती, एक हिरवी साडी बाहेर आली होती आणि तिच्या घडीत तीन पिल्लं. डोळे मिटलेली, काळपट, एकमेकांच्या अंगावर. आई वर आढ्याजवळ अंग चोरून बसली होती, आपल्याकडे बघत. तुम्ही कुजबुजलात, "दोन-अडीच महिन्यांनी आपोआप जातील बघ. तवर गाठोडं हलवायचं न्हाई. आन् भोक बुजवायचं न्हाई." तुमचा चेहरा त्या उजेडात किती मऊ दिसत होता. मी त्या घरात आल्यापासून माझ्याकडे बघून तो तसा झालेला मी पाहिला नव्हता, निदान मला तसं वाटलं. सातवा महिना होता मला. माझी कंबर धरलेली असायची, पाय सुजायचे. आणि माझ्या मनात एवढंच आलं की, या घरात तिच्या साडीवर दुसऱ्या कुणाची पिल्लंही चालतात.

त्याच आठवड्यात मावळातून निरोप आला, तिची आई आजारी आहे. तुम्ही लगेच निघालात. सून गेल्यावर विहीणबाईला भेटायला तीन दिवस कोण जातं? तुम्ही गेलात. जाताना मला म्हणालात, "जपून ऱ्हा. जड उचलू नको." हे साखर कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर होते, गळीत चालू होतं, आठवडाभर येणार नव्हते. चुलतसासूबाई माझ्या सोबतीला झोपायला येणार होत्या.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी, चुलतसासूबाई यायच्या आत, मी अंधार पडायची वाट बघत उभी राहिले. पिल्लांची आई भगदाडातून बाहेर पडली. पत्र्यावरून धावत जाऊन लिंबाच्या फांदीवर गेल्याचा आवाज मी ऐकला. मग मी शिडी चढले. गोणपाटाची घडी भगदाडात कोंबली, त्यावर तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा बसवला आणि बियाण्याचा भरलेला डबा सरकवून त्याला टेकवला. तुम्ही जड उचलू नको म्हणाला होतात. पिल्लं माझ्यापासून पाच-सहा हातांवर होती, मला ऐकू येत होती. खाली उतरून मी हात धुतले आणि भाकरी करायला बसले.

त्या रात्री ती आली आणि पत्रा ओरबाडत राहिली. चुलतसासूबाई उठून बसल्या, त्यांनी देवाचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी पत्रा तापला तशी वरून चिरक्या आवाजात पिल्लं ओरडायला लागली. त्या माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "ऐकलंस का? रडतीया ती. सासू घरात न्हाई म्हणल्यावर ऊत आलाय तिला." मला माहीत होतं कोण रडतंय. दुपारपर्यंत ही गोष्ट आळीत पुन्हा फिरली आणि मी ती फिरू दिली. आत्या, भोक बुजवण्यापेक्षा मला हे जास्त छळतं. त्या दिवशी मी एकदा शिडीला हात लावला होता. दोन पायऱ्या चढलेही. मग अंगणात कुणी आलं म्हणून उतरले आणि पुन्हा चढले नाही. दुसऱ्या रात्री वरचा आवाज बारीक झाला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही एसटीनं उतरून आलात. पिशवी अजून तुमच्या हातात होती. उंबऱ्यातच थांबलात, वर बघितलंत, आणि पिशवी ठेवून, पाणीही न पिता, शिडीकडे गेलात. डबा सरकवल्याचा आवाज आला. पत्रा काढल्याचा. मी खाली चुलीपाशी उभी. तुम्ही उतरलात तेव्हा तुमच्या ओच्यात तीन पिल्लं होती. दोन गेलेली. एकाचं पोट हलत होतं.

तुम्ही शेळीचं दूध काढलंत, कापसाची वात भिजवून त्याच्या तोंडाला लावलीत. ते चोखेना, मग हळूहळू चोखायला लागलं. माझ्याकडे न बघता, वात पुन्हा भिजवता भिजवता तुम्ही म्हणालात, "भ्या वाटून केलं असतंस तर मी एक शब्द बोलले नसते. पर तुला भ्या वाटलं न्हाई, पोरी."

एवढंच. तुम्ही कधी कुणाला दोन वाक्यांपेक्षा जास्त रागावला नाहीत. मी खाली मान घालून उभी राहिले. पोटात बाळ फिरत होतं आणि मला त्याचीही लाज वाटत होती. तेवढ्यात चुलतसासूबाई आल्या. त्यांनी तुमच्या मांडीवरचं पिल्लू पाहिलं, बाजूला पानावर ठेवलेली दोन पाहिली. "अगं बया, हे काय?" तुम्ही वर पाहिलंत. मला वाटलं, आता सगळ्या गावाला कळणार. तुम्ही म्हणालात, "मीच जाताना भोक बुजवून गेले. वाटलं, तिनं पिल्लं हलवली असत्याल. चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "मग दोन रात्री रडत होती ती?" तुम्ही म्हणालात, "हीच. दुसरं कुणी न्हवतं. पुन्हा त्या पोरीचं नाव घेऊ नका."

मेलेल्या दोघांना तुम्ही परसात पुरलंत. जगलेलं तिन्हीसांजेला माळ्यावर त्याच साडीत ठेवून आलात, भगदाड उघडं टाकून. सकाळी ते नव्हतं. आई येऊन तोंडात धरून घेऊन गेली असणार, तुम्ही तसंच म्हणालात आणि मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं मानायला हवं होतं. पुन्हा आपल्या घरात उदमांजर आलं नाही.

मुलगा झाल्यावर तुम्ही त्याची पाचवी केलीत, मला डिंकाचे लाडू केलेत, दोन महिने मला पाण्यात हात घालू दिला नाहीत. सव्वा महिन्यानंतर ते गाठोडं खाली काढलंत, साड्या धुतल्यात, वाळवून घड्या घातल्यात आणि मावळात तिच्या आईला देऊन आलात. मी वर्षभर ज्याची वाट बघितली ते झालं होतं. तो कोपरा मोकळा झाला. मी त्या दिवशी बियाण्याचे डबे काढायला चढले आणि तिथंच बसून रडले. तुम्ही खालून विचारलंत, "सापडंना व्हय गं?" मी म्हणाले, सापडलं.

बारा वर्षं त्यानंतर आपण एकत्र काढली. शेवटी तुमची उजवी बाजू गेली तेव्हा मी तुम्हाला भरवायचे, अंग पुसायचे. एका दुपारी मी हिय्या केला. म्हणाले, "आत्या, ते माळ्यावरचं..." तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत आणि जड जिभेनं म्हणालात, "पाणी दे." मी पाणी दिलं. तुम्हाला तहान लागली होती, की मला बोलू द्यायचं नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तर वरवंडचं सांगत होते. तुमचा नातू कुरकुंभच्या एमआयडीसीत आहे. त्यानं हायवेपासून आत घर घेतलंय, वरच्या मजल्याला पत्रे आणि खाली पीओपीचं सिलिंग. त्या दोघांच्या मधे हातभर पोकळी. त्याची मुलगी चार महिन्यांची आहे, तुमची पणती. तिच्या पाळण्यावरच सिलिंगला पिवळा डाग पडला होता. लेक उंदीर समजून बसला होता, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून विष ठेवायचं ठरवलं होतं त्यानं. मी म्हणाले, थांब. उंदीर खुडबुडतो, पळतो. हे चालतंय. गच्चीच्या कठड्यावर मला विष्ठा सापडली, तिच्यात चिकूच्या बिया. तो वैतागला. "आई, लहान बाळ आहे घरात. काहीही असो, आजच्या आज काढायचं." त्याचंही बरोबर होतं. मी पाळणा आणि त्यांचं अंथरूण खालच्या खोलीत हलवायला लावलं, आणि वनखात्याला फोन करायला सांगितलं. ते सगळे उसात सापडलेल्या बिबट्याच्या पिल्लांमागे होते, त्यामुळे दोन दिवसांनी एक वनरक्षक आली, पंचविशीची मुलगी. तिनं सिलिंगची एक फळी काढून आत बॅटरी मारली. "पिल्लं आहेत मावशी, डोळे उघडलेत. महिनाभर कळ काढा. विष घालू नका, हा प्राणी कायद्यानं संरक्षित आहे. आणि आत्ता भोक बंद केलं तर..." मी म्हणाले, माहीत आहे.

महिनाभर मी तिथंच राहिले. संध्याकाळी ती बाहेर पडायची तेव्हा मी गच्चीच्या दारात बसून असायचे. पुढे पुढे पिल्लंही तिच्या मागून यायला लागली, पत्र्यावर घसरायची. मग एके दिवशी आवाज थांबला. मी भोकापुढे गव्हाचं पीठ चाळलं. तीन सकाळी पिठावर काही उठलं नाही. फॅब्रिकेशनवाला जाळी घेऊन आला तेव्हा मी त्याला थांबवलं. बावन्नाव्या वर्षी शिडी चढले, त्या फळीतून डोकं आत घातलं आणि चारी कोपरे बॅटरीनं बघितले. त्यानं भाबडेपणानं विचारलं, "काकू, काय हरवलंय का?" दुसऱ्यांदा बघितलं. मग म्हणाले, लाव. स्क्रू फिरत होता तोवर मी शिडी सोडली नाही.

त्या दिवशी जेवताना सूनबाई म्हणाली, "मम्मी, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?" तुमचा नातूही बघायला लागला. मी तुमचं नाव घेतलं. राखेची गोष्ट सांगितली, बोराच्या बियांची सांगितली, तो पोट धरून हसला. त्याला तुम्ही आठवता, आत्या. तुम्ही चिमण्यांना तांदूळकण्या टाकायचात ते आठवतं. मग सूनबाईनं विचारलं, "आणि मग त्या पिल्लांचं काय झालं?"

मी सांगितलं. दोन मेली म्हणाले. भोक बुजवलं गेलं होतं. कुणी, असं त्यानं विचारलं.

मी म्हणाले, "तुझ्या आजीनं. चुकून."

तो जेवता जेवता थांबला. मग म्हणाला, "आजी असं करेल असं वाटलं नव्हतं." मी त्याला भाजी वाढली, त्यानं नको म्हणून ताटावर हात धरला. आज महिना होत आला, मी अजून त्याला फोन केलेला नाही.